नॉर्फोक ते सेंट मेरीज: उथळ पाण्यातून शिडाची बोट नेताना (प्रकल्प नोंदी)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर, किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग व्हर्जिनियातल्या नॉर्फोकपासून फ्लोरिडापर्यंत जातो. नद्या, खाड्या आणि त्यांना जोडणारे खणलेले कालवे मिळून तो बनला आहे. त्याचं नाव इंट्राकोस्टल वॉटरवे. आम्ही ३४ फुटी शिडाची बोट घेऊन त्यातले पहिले सातशे मैल उतरलो. मी, नवरा आणि चार्ल्स्टनपर्यंत माझा मामा. मामाचं लहानपण दाभोळच्या खाडीवर गेलं. याच वाटेने येऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी या नोंदी ठेवल्या आहेत.

ऑक्टोबर, तयारी

बोटीच्या कागदांवर ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्यात किती बुडते तो आकडा, ४ फूट ८ इंच लिहिला होता. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या भरल्या, दोन नांगर, साखळी आणि तीन माणसांचं सामान चढवलं आणि मगच मोजलं. भरला ५ फूट. या मार्गावर चार इंचांनी दिवस बदलतो, म्हणून भरलेली बोटच मोजा.

डेप्थ साउंडर, म्हणजे पाण्याची खोली मोजणारं यंत्र, तेही तपासलं. धक्क्याला उभं राहून शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडली आणि यंत्राचा आकडा ताडून पाहिला. यंत्र पाणपातळीपासून नाही, कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळातून खाली उतरणाऱ्या पात्याच्या, टोकापासून खोली दाखवत होतं, तेही सात इंचांनी चुकीचं. ते सुधारून ‘पाणपातळीपासून’ असं लावलं, म्हणजे चार्टवरच्या (जलमार्गाच्या नकाशावरच्या) आकड्याशी आणि भरतीच्या तक्त्याशी थेट बेरीज-वजाबाकी करता येते. मामाने एका बांबूला फुटाफुटावर रंगीत पट्ट्या बांधल्या. ही काठी पुढे यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण तळ चिखलाचा आहे की वाळूचा, हे काठीच सांगते.

डोलकाठीची उंची अँटेनासकट ५४ फूट. या वाटेवरचे बहुतेक पक्के पूल भरतीच्या पातळीपासून ६५ फूट उंच आहेत, त्यामुळे आमच्यापुढे तो प्रश्न नव्हता. ६३-६४ फुटांची काठी असेल तर मात्र पुलाच्या खांबावरचा मापफलक वाचल्याशिवाय खाली शिरू नका. काही पूल प्रत्यक्षात ६५ पेक्षा कमी भरतात.

खर्च: टो-बोटीचं (अडकलेली बोट ओढून काढणाऱ्या सेवेचं) वार्षिक सदस्यत्व दोनशे डॉलरच्या आसपास, जास्तीचे दोन इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातली चाकं), डिझेल फिल्टर, दुसरा हलका नांगर आणि दोनशे फूट दोर. यातली एकही वस्तू विनावापर राहिली नाही, सदस्यत्व तेवढं सोडून.

२ नोव्हेंबर, नॉर्फोक, मैल ०

विम्याच्या अटीमुळे १ नोव्हेंबरआधी दक्षिणेकडे सरकता येत नव्हतं. वादळांचा हंगाम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरला संपतो, पण बऱ्याच विमा कंपन्या नोव्हेंबर लागला की परवानगी देतात. त्यामुळे सगळ्या बोटी एकाच आठवड्यात निघतात आणि धक्क्यांवर जागा मिळत नाही. एका रात्रीचा दर फुटामागे दोन डॉलरच्या वर आहे, म्हणून शक्य तिथे नांगरावर राहायचं ठरवलं.

इथले मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नव्हेत. चार्टवर ‘मैल ४३०’ लिहिलं असेल तर ते १.६ किलोमीटरचे मैल, आणि तुमचा वेगमापक सागरी मैलांत बोलतो. पोहोचण्याच्या वेळेचा हिशेब यात पहिल्याच दिवशी चुकतो.

भारतात बोट चालवलेल्यांनी आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरती खूण) डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उजव्या. या जलमार्गावर दक्षिणेकडे जाताना लाल उजवीकडे. मामाचा हात दोन दिवस उलटा जात होता. उपाय सोपा निघाला: खुणांवर पिवळा त्रिकोण किंवा पिवळा चौकोन असतो. दक्षिणेकडे जाताना पिवळा त्रिकोण उजवीकडे, चौकोन डावीकडे. जिथे एखाद्या नदीच्या मुखाशी दुसऱ्या मार्गाच्या खुणा मिसळतात आणि लाल-हिरव्याची अदलाबदल होते, तिथे रंग विसरून फक्त पिवळं पाहायचं.

३ आणि ४ नोव्हेंबर, डिस्मल स्वॉम्प कालवा

नॉर्फोकहून दोन वाटा फुटतात. मोठा कालवा खोल आहे. आम्ही जुना, अरुंद डिस्मल स्वॉम्प घेतला. १७९३ मध्ये खणायला सुरुवात झाली, १८०५ मध्ये तो उघडला, आणि तो गुलाम केलेल्या माणसांनी हातांनी, दलदलीत उभं राहून खणला. सरळ रेषेत मैलोनमैल जाणारं ते पाणी पाहताना ही गोष्ट मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

डीप क्रीकच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-उपसून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, बोट सुमारे आठ फूट वर चढते आणि साउथ मिल्सला तेवढीच खाली उतरते. लॉक ठरावीक वेळांनाच उघडतात. वेळ चुकली की दोन-अडीच तास गेले. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, झाडांच्या सालीतल्या टॅनिनमुळे. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पिवळट डाग पडतो, तो ऑक्झॅलिक आम्लाशिवाय निघत नाही.

खोली सहा-सात फूट, म्हणजे आमच्या कीलखाली जेमतेम एक फूट. इथे अडचण गाळाची नाही, बुडालेल्या ओंडक्यांची आहे. वेग चार नॉटवर (ताशी चार सागरी मैलांवर) आणला तरी दोनदा खाली धाडकन आवाज आला. कालव्याच्या मध्यावर राहिलं तर ओंडके कमी लागतात, आणि काठाच्या फांद्या डोलकाठीवरच्या वारादर्शकाला लागत नाहीत. आमचा वारादर्शक एका फांदीने वाकवला, कारण समोरून आलेल्या बोटीला वाट द्यायला काठाकडे सरकावं लागलं. आता समोरून बोट आली की आम्ही वेग अगदी तोडतो आणि एक माणूस वर पाहत उभा राहतो.

८ नोव्हेंबर, एलिझाबेथ सिटी

तीन दिवस इथेच. पुढे आल्बेमार्ल साउंड, म्हणजे किनाऱ्याच्या आतलं मोठं खाडीसारखं पाणी, आहे. ते रुंद आणि उथळ, त्यामुळे वीस नॉटच्या वाऱ्यातही लाटा आखूड आणि उभ्या चढतात. घाई करून गेलेली एक बोट फाटलेल्या शिडानिशी परत आली. शहराचा धक्का फुकट आहे, तेव्हा थांबण्याचा खर्च फक्त जेवणाचा.

१० ते १२ नोव्हेंबर, बेलहेवन

ॲलिगेटर नदी आणि पंगो नदी यांना जोडणारा कालवा वीसेक मैलांचा आहे. काठांवर झाडांचे बुंधे पाण्याखाली दडलेले असतात, म्हणून मध्य सोडायचा नाही. तो निर्विघ्न पार पडला आणि बेलहेवनला सात फूट पाण्यात नांगर टाकला.

रात्री थंड वाऱ्याची लाट आली आणि वारा पश्चिमेकडून लागला. सकाळी साउंडर ४ फूट ११ इंच दाखवत होता. बोट हलत नव्हती. या भागात चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. इथे पाणी वारा हलवतो. पश्चिमेचा वारा नदीचं पाणी साउंडमध्ये लोटतो आणि नदी रिकामी होते. भरतीचा तक्ता इथे निरुपयोगी आहे, हवामानाचा अंदाज हाच तक्ता.

चिखल मऊ होता, म्हणून काही केलं नाही. इंजिन चालू करून मागे-पुढे केलं असतं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतून चिखलच आत गेला असता. ती दिवाळी आम्ही चिखलात बसलेल्या बोटीवर केली. मामाने पणत्या आणल्या होत्या. उघड्या ज्योतीला वारा टिकू देईना, म्हणून त्या भांडी धुण्याच्या सिंकमध्ये लावल्या. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि पाणी आपणहून परत आलं.

१७ नोव्हेंबर, माइल हॅमक बे

बोफोर्टच्या पुढे मार्ग लष्कराच्या कॅम्प लेज्यूनमधून जातो. गोळीबाराचा सराव असला की जलमार्ग बंद होतो. व्हीएचएफ, म्हणजे बोटीचा रेडिओ, ऐकत राहा. आम्हाला दोन तास अडकावं लागलं, पण इतर बोटींनाही.

उघडणाऱ्या पुलांना उत्तर कॅरोलिनात चॅनल १३ वर हाक मारायची. दक्षिण कॅरोलिनापासून पुढे चॅनल ९. सीमा ओलांडल्यावर १३ वरच हाका मारत राहिलं तर पूलवाला ऐकत नाही आणि प्रवाह बोटीला पुलाकडे ढकलत राहतो.

२१ नोव्हेंबर, लॉकवुड्स फॉली आणि शॅलॉट इनलेट

समुद्राचं तोंड जलमार्गाला आडवं येतं तिथे वाळू साचते. समुद्र ती आत आणतो आणि आतला प्रवाह ती वाटेवर पसरवतो. चार्टवरची रेष तिथे खोटी ठरते, कारण दर वादळानंतर वाळू जागा बदलते. अशा ठिकाणी तटरक्षक दल तरते बोये ठेवतं आणि वाळू सरकली की तेही सरकवतं. ते बोये चार्टवर बहुधा दिसत नाहीत, किंवा जुन्या जागी दिसतात. पडद्यावर बोट वाळवंटातून चाललेली दिसली तरी डोळ्यांसमोरच्या बोयांवर विश्वास ठेवायचा. आदल्या रात्री आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची (अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाची) ताजी खोलीची मोजणी उतरवून घेतली होती, तिचा मोठा आधार झाला.

दुपारी साडेबाराला, चढत्या भरतीत शिरलो. सगळ्यात कमी आकडा ८ फूट २ इंच. फार सहज गेलं. तेव्हा आम्हाला वाटलं की आता जमलं.

समोरच्या खुणेकडेच पाहत राहू नका. मागे वळून मागची खूणही पाहा. दोन्हींच्या मधल्या रेषेवरून प्रवाह तुम्हाला किती बाजूला नेतोय ते फक्त मागे पाहून कळतं. नाळ पुढच्या बोयाकडेच असते, तरीही बोट वाळूवर सरकत असते.

२२ ते २५ नोव्हेंबर

मर्टल बीचजवळचा ‘रॉक पाइल’ हा खडकातून कोरलेला पट्टा आहे. दोन्ही काठांना पाण्याखाली खडकाचे कंगोरे. मालवाहू बार्ज समोरून आला तर बाजूला व्हायला जागा नाही, म्हणून शिरण्याआधी रेडिओवर आपण येतोय हे सांगायचं. तिथून पुढे वॅकमॉ नदी लागली. खोल, शांत, दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडं. तीन दिवसांत साउंडरकडे पाहिलंही नाही.

२७ नोव्हेंबर, मॅक्लेलनव्हिलच्या दक्षिणेला

आज बोट लागली. नीट लिहिते, कारण या मार्गावर हे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

सकाळी आठच्या सुमारास पूर्ण भरती होती आणि तिच्यावरच हा पट्टा ओलांडायचा बेत होता. वाटेत इंजिन गुदमरलं. डिझेल फिल्टर काळा झाला होता. नांगर टाकून फिल्टर बदलणं, नळीतली हवा काढणं यात अडीच तास गेले. उथळ पट्ट्याशी आलो तेव्हा एक वाजला होता आणि पाणी उतरत होतं. चार्ट ६ फूट सांगत होता. तो आकडा सरासरी सुकतीचा, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या पातळीचा, असतो. आज पौर्णिमा, उधाणाची सुकती त्याहूनही खाली जाते. आम्ही सहा वजा पाच असा हिशेब करून निघालो. सव्वाएकला बोट मऊपणे थांबली.

पहिलं काम म्हणजे इंजिन बंद. दुसरं, काठीने चारही बाजूंना तळ मापणं. डावीकडे सात फूट पाणी होतं, म्हणजे वाट तिकडे होती. तिसरं, सुकती कधी संपते ते पाहणं: दोन वाजून दहा मिनिटांनी. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

भरती-ओहोटी सहा तासांत सारख्या वेगाने होत नाही. साधारण बारा भाग धरा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. इथे आजचा चढ-उतार सहा फुटांच्या आसपास. म्हणजे उरलेल्या तासाभरात पाणी आणखी सहा इंचच उतरणार होतं. बोट किंचित कलेल, आडवी पडणार नाही. हेच अकरा वाजता घडलं असतं तर पुढच्या तीन तासांत तीन फूट पाणी गेलं असतं आणि बोट कुशीवर झोपली असती.

म्हणून टो-बोट बोलावली नाही. नवऱ्याने हलका नांगर डिंगीतून (छोट्या होडीतून) डावीकडच्या खोल पाण्यात नेऊन टाकला आणि दोर विंचवर (दोर ओढायच्या चक्रीवर) घेऊन ताणला. हे ओढून काढण्यासाठी नव्हतं. भरती उचलेल तेव्हा वाऱ्याने बोट आणखी काठावर चढू नये म्हणून होतं. मग वाट पाहिली. सव्वातीनला दोर सैल झाला, दोन वेढे ओढले आणि नाळ आपोआप खोल पाण्याकडे वळली. पाचच्या आत बाजूच्या खाडीत नांगरावर होतो. पाण्याची गाळणी चिखलाने गच्च भरली होती. इंपेलरच्या दोन पात्या तुटल्या होत्या, तो बदलला. पंचेचाळीस डॉलर.

रात्री मामा कालनिर्णय काढून बसला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

“बाय, आज इथे आठला भरली. तिथे सव्वाअकराला भरते.”

“मग मामा, तुझं गणित इथे चालत नाही.”

“चालतं गो. सव्वातीन तास वजा कर. अष्टमीचं बघ.”

अष्टमीची पाऊणपट सहा, त्यातून सव्वातीन गेले की पावणेतीन. चार्ल्स्टनच्या तक्त्यात त्या दिवशीची भरती दुपारी अडीचच्या आसपास होती. तेव्हा चित्र एकदम स्पष्ट झालं. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळ-संध्याकाळ आठला येते, म्हणजे ऐन दुपारी, प्रवासाच्या वेळी, उधाणाची सगळ्यात खोल सुकती. अष्टमीच्या आसपास उलट: दुपारी भरती, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे सुकतीही फार खाली जात नाही. लॉकवुड्स फॉली सहज गेलं ते याचमुळे. डिसेंबरात सव्वापाचला सूर्य मावळतो, उजेडाचे जेमतेम दहा तास मिळतात. त्या दहा तासांत पाणी कुठे असेल ते चंद्र ठरवतो. बेत मैलांवर करायचा नाही, तिथीवर करायचा.

प्रत्यक्ष मिनिटं मात्र छापील तक्त्यातूनच घ्यायची. तिथीचं गणित आठवड्याची आखणी करायला.

२९ नोव्हेंबर, चार्ल्स्टन

मामा इथून विमानाने गेला. जाताना पट्ट्यांची काठी माझ्या हातात दिली. जॉर्जियाचा अख्खा पट्टा आम्ही ३ ते ६ डिसेंबरवर ढकलला, म्हणजे अष्टमीच्या दोन्ही बाजूंना. त्यासाठी दोन रात्री जास्तीच्या थांबलो, धक्क्याचे दीडशे डॉलर गेले.

३ डिसेंबर, हेल गेट

जॉर्जियात भरतीचा चढ-उतार सात ते नऊ फूट. उंच गवताची दलदल, त्यातून वळणं घेणाऱ्या नद्या, आणि दोन नद्यांना जोडणारे आखूड काप. नद्या खोल आहेत, काप उथळ. कारण भरतीचं पाणी कापात दोन्ही टोकांनी शिरतं, मध्ये भेटतं, थबकतं आणि गाळ टाकतं. वळणावर बाहेरची बाजू धरायची, आतल्या बाजूला गाळ बसतो.

हेल गेट मैल ६०२ जवळ. भरती दुपारी एकला होती, आम्ही साडेअकराला शिरलो. चढत्या पाण्यात, पण पूर्ण भरतीच्या आधी. ऐन भरतीला लागलात तर तीच पातळी परत यायला बारा तास लागतात, आणि पुढची भरती कमी भरली तर तेवढ्यानेही सुटका होत नाही. चढत असताना लागलात तर दहा मिनिटांत पाणीच उचलतं. कमीत कमी ११ फूट दिसलं.

५ डिसेंबर, लिटल मड रिव्हर

सुकतीला इथे चार-पाच फूटच उरतं, म्हणून अनेक शिडाच्या बोटी हा भाग टाळून समुद्रातून जातात. भरती पावणेतीनला. सकाळी दहाला डोबॉय साउंडमध्ये नांगर टाकला आणि दोन तास वाट पाहिली. मागून आलेल्या दोन बोटी न थांबता पुढे गेल्या. सव्वाबाराला नांगर उचलला. एकच्या सुमारास सगळ्यात अरुंद जागी ९ फूट होते. त्या दोघींपैकी एक काठाला कललेली होती. पाणी चढत होतं, अर्ध्या तासाने तीही मागून आली.

६ डिसेंबर, जेकिल क्रीक

उत्तरेच्या तोंडाशी दगडी बांध आहे, तो भरतीत पाण्याखाली जातो. खुणा सोडून कोपरा कापायचा नाही. दुपारी दीडला, चढत्या पाण्यात पार.

७ डिसेंबर, सेंट मेरीज

कंबरलँड साउंड ओलांडून जॉर्जियाच्या शेवटच्या गावात आलो. इंजिन तासाला साधारण दोन लिटर डिझेल खातं. शिडांनी अर्धा-पाऊण नॉट मदत केली, पण ही वाट इंजिनाची आहे, हे धरूनच पैशांची तयारी ठेवा. सगळ्यात मोठा खर्च धक्क्यांचा, त्याखाली डिझेलचा. सगळ्यात जास्त वेळ वाऱ्याने खाल्ला.

पुढे सेंट ऑगस्टिनच्या दक्षिणेला मटान्झास इनलेट आहे, पुन्हा सरकत्या वाळूचं. अमावास्या १२ च्या सुमारास, म्हणजे त्या आठवड्यात सुकती परत ऐन दुपारी. इंजिनाचा तिसरा फिल्टर बदलून, टाकीचा तळ साफ करून घेतो. १७ नंतर दुपारची भरती मिळते, तेव्हा निघू.